एकच स्वयंपाक, तीन ताटं: ज्याच्या-त्याच्या उद्दिष्टाप्रमाणे आहार कसा बसवायचा?

कढीलिंब

घरात एकाला पोट कमी करायचंय, दुसरा जिममध्ये वजन वाढवू पाहतोय आणि तिसरी जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या तयारीत आहे. अशा घरात तीन वेगळे स्वयंपाक सुरू होतात आणि दोन-तीन आठवड्यांत बंद पडतात, कारण रांधणारं माणूस एकच असतं. म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं की स्वयंपाक एकच करावा, फरक वाढताना करावा. तेवढ्यासाठी काही गोष्टी मोजायची सवय हवी. पाचशे रुपयांच्या आतबाहेरचा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि पाच मिलिलिटरचा मापाचा चमचा, एवढं सामान पुरतं.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की मोजायचं ते कोरडं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक सारणीत मटकीला १०० ग्रॅममागे जवळपास २० ग्रॅम प्रथिनं दिली आहेत, पण ती कोरड्या मटकीची. मोड येईपर्यंत तीच मटकी पाणी शोषून वजनाने दुपटीहून जास्त होते. १०० ग्रॅम मोडाच्या मटकीत ८-९ ग्रॅमच प्रथिनं मिळतात. आकडा कोरड्याचा आणि वजन भिजलेल्याचं, या एका गल्लतीने दिवसाचा हिशोब निम्म्याने चुकतो. वरणाचंही तेच. घरच्या पातळ वरणाच्या वाटीत १५ ग्रॅमच्या आसपास डाळ असते, म्हणजे ३ ग्रॅम प्रथिनं. "रोज वरण खातो" म्हटल्याने प्रथिनांचा प्रश्न सुटत नाही.

आता रात्रीचं साधं जेवण घ्या. तिघांत १५० ग्रॅम कोरड्या मटकीची घट्ट उसळ, तीन छोटे चमचे तेल. ५० ग्रॅम पिठाची एक, अशा ज्वारीच्या भाकऱ्या. भात, दही किंवा चक्का, काकडीची कोशिंबीर.

चरबी कमी करणाऱ्याचं ताट: ६० ग्रॅम कोरड्या मटकीइतकी उसळ, एक भाकरी, दीडशे ग्रॅम दही, वाडगाभर कोशिंबीर, भात नाही. सव्वापाचशे ते साडेपाचशे कॅलरी, २२ ग्रॅम प्रथिनं.

स्नायू वाढवणाऱ्याचं: उसळ तेवढीच, भाकऱ्या दोन, ५० ग्रॅम तांदळाचा भात, दह्याऐवजी दीडशे ग्रॅम चक्का. साडेआठशेच्या वर कॅलरी, ३५ ग्रॅमच्या पुढे प्रथिनं.

धावणारीचं: उसळ ३० ग्रॅमची, भात ९०-१०० ग्रॅम तांदळाचा, एक भाकरी, दही. हिच्या ताटात जोर कर्बोदकांवर.

पातेली तीच, चव तीच. पुढचं जाणकारांनी भरावं.

लोखंडी_तवा

उत्तम मांडणी. प्रथिनं किती हवीत ते इथेच स्पष्ट करू, नाहीतर प्रतिसाद भरकटतील.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली निरोगी प्रौढासाठी शिफारस केली ती दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅमची. ती सर्वसाधारण माणसासाठी आहे. वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील तर १.६ ग्रॅमच्या आसपास धरतात. चरबी कमी करताना १.२ ते १.६, पण ते आजच्या वजनावर न धरता गाठायच्या वजनावर धरा. ९५ किलोच्या माणसाने ९५ ला १.६ ने गुणलं तर शाकाहारात झेपणार नाही असा आकडा येतो, आणि त्याची गरजही नसते. लांब अंतर धावणाऱ्याला १.२ ते १.४ पुरतात.

६० किलोच्या शाकाहारी मुलाला ९६ ग्रॅम लागतील. पावडरीशिवाय ते असे बसतात: अर्धा लिटर टोन्ड दूध १६, दीडशे ग्रॅम चक्का ११, ५० ग्रॅम कोरड्या कडधान्याची उसळ ११, ४० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण किंवा आमटी ९, ३० ग्रॅम सोया वडी १५, ७५ ग्रॅम पनीर १४, तीन भाकऱ्या १५, नाश्त्याचे ६० ग्रॅम पोहे ४. बेरीज ९५. अंडी चालत असतील तर तीन अंड्यांत १८ ग्रॅम येतात आणि पनीर वगळता येतं.

हे तीन-चार जेवणांत वाटा, प्रत्येक वेळी २० ते ३० ग्रॅम. आपल्याकडे सकाळी चहा-पोहे, दुपारी पोळीभाजी, आणि सगळा भार रात्रीवर पडतो. नाश्ता सुधारला की अर्धं काम झालं. पोह्यांबरोबर ग्लासभर दूध आणि दोन अंडी, किंवा पोह्यांऐवजी मूगडाळीचं धिरडं: ६० ग्रॅम डाळ चार तास भिजवून वाटायची, १४ ग्रॅम प्रथिनं.

शेंगदाण्याबद्दल मात्र स्पष्टच सांगतो. तो मुख्यतः स्निग्धांशाचा पदार्थ आहे. शेंगदाण्यातून २० ग्रॅम प्रथिनं घ्यायला ८० ते ८५ ग्रॅम दाणे लागतात आणि साडेचारशेच्या घरात कॅलरी येतात. तेवढीच प्रथिनं ४० ग्रॅम सोया वडीत दीडशेच्या आत मिळतात. वजन वाढवायचं असेल तर दाणे मुठीने खा. कमी करायचं असेल तर कूटही मोजून घाला.

मुगाचं_धिरडं

सोया वडीला वास येतो म्हणून घरात कोणी खात नाही. काय करावं?

लोखंडी_तवा

मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात ५-७ मिनिटं उकळा, पाणी फेका, गार पाण्यात टाकून घट्ट पिळा. पुन्हा गार पाणी, पुन्हा पिळा. वास पाण्याबरोबर जातो. एकदाच पिळून थेट रश्शात टाकली की आतलं पाणी आणि वास दोन्ही रश्शात उतरतात आणि वडी मसाला धरत नाही. पिळलेल्या वड्या मिक्सरला एकदाच फिरवून खिम्यासारख्या करा. उसळीत किंवा वांग्याच्या भरितात मिसळल्या तर वेगळ्या जाणवतही नाहीत.

कणकेत सोयाबीनचं पीठ घालणाऱ्यांसाठी: दहा टक्क्यांपर्यंत ठेवा, त्यापुढे पोळी तुटते आणि कडवटपणा लागतो. सोयाबीन आधी उकडून, वाळवून, भाजूनच दळायला द्या. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात आणि पोळीच्या तव्यावरच्या मिनिटभराच्या शेकाने ते पुरेसे जात नाहीत.

समईची_वात

तेलावर लिहिते, कारण पोट कमी न होण्याचं कारण बहुतेक घरांत तिथेच सापडतं.

महिन्याच्या डब्यावरून हिशोब करा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर ते साडेचार किलो. भागाकार केला की माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी. तूप, लोणी, दाणे, खोबरं वेगळं. तोच डबा तीन लिटरवर आणला तर माणशी रोज सव्वाशेहून जास्त कॅलरी कमी होतात आणि कुणाच्या ताटातला घासही कमी होत नाही.

नुसतं "तेल कमी घाला" सांगून हे जमत नाही, भांडं बदलावं लागतं. रुंद कढईत एक चमचा तेल घातलं की ते पसरतं, मोहरी कोरड्या धातूवर पडते, तडतडायच्या आधी जळते आणि हिंग-हळद करपते. मग पुन्हा तेल ओतलं जातं. त्यासाठी फोडणी लोखंडी कढल्यात करा. बूड अरुंद असल्याने एक-दीड छोट्या चमच्यात मोहरी बुडते. भाजी आधी वाफवून किंवा झाकणावर पाणी ठेवून शिजवा आणि फोडणी वरून ओता. वरून ओतलेल्या फोडणीचा वास जास्त राहतो, त्यामुळे तेल कमी असल्याचं जिभेला कळत नाही.

कांदा परतायला सुरुवातीलाच चिमूटभर मीठ घाला, त्याचं पाणी सुटतं. झाकण ठेवा. तळाला लागू लागला की मोठा चमचाभर पाणी शिंपडून खरवडा. असं तीन-चारदा केलं की एका चमच्यात दोन कांदे छान लाल होतात. गॅस मोठा ठेवला तर मात्र कडा जळून मधला भाग कच्चा राहतो.

वाटणातलं छुपं तेल म्हणजे सुकं खोबरं. त्यात साठ टक्क्यांहून जास्त स्निग्धांश असतो. दोन मोठे चमचे किसात ६५-७० कॅलरी. पूर्ण काढू नका, रश्शाचा जीवच जाईल. निम्मं करा आणि घट्टपणासाठी भाजलेला कांदा नि चमचाभर डाळं वाटा. डाळ्याने रस्सा उकळताना दाटतो, म्हणून पाणी नेहमीपेक्षा अर्धी वाटी जास्त ठेवा.

कढीलिंब

डब्याचा हिशोब मूळ लेखात जोडायला हवा असा आहे. कढल्याबद्दल +१.

दगडी_जातं

भाकरी-पोळीबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. "पोळी सोडली, भाकरी धरली, तरी वजन हलत नाही." हलणार कसं? ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅमला ३३०-३५० कॅलरी, गव्हाच्या पिठातही तेवढ्याच. फरक आकारात आहे. घडीची पोळी ३० ग्रॅम पिठाची असते, भाकरी ६० ते ८० ग्रॅमची, आणि गावाकडची हातावरची भाकरी त्याहूनही मोठी. तीन पोळ्या, घडीतलं तेल धरून, चारशेच्या थोड्या वर जातात. ६० ग्रॅमच्या तीन भाकऱ्या सहाशेच्या वर.

भाकरी चांगलीच आहे. तेल लागत नाही, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. फक्त उंडा काट्यावर ठेवून बघा. ५० ग्रॅम पिठाला साधारण तितकंच गरम पाणी धरलं तर उंडा ९०-१०० ग्रॅमचा होतो. एकदा हाताला अंदाज आला की रोज तोलायची गरज नाही. लहान भाकरी थापताना कडा चिरत असतील तर पाणी पुरेसं गरम नव्हतं किंवा पीठ जुनं आहे. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, गरम पाण्याने स्टार्च फुलतो तेव्हाच ती बांधली जाते.

बाजरीत प्रथिनं ज्वारीपेक्षा किंचित जास्त, ११ ग्रॅमच्या जवळ. नाचणीत ७ च, पण कॅल्शियम ३५० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे नाचणी हाडांसाठी घ्या, स्नायूंच्या हिशोबात तिच्यावर विसंबू नका.

घाटवाट

धावणाऱ्यांच्या ताटाबद्दल सविस्तर लिहितो, कारण त्यांचे नियम बाकीच्या दोघांच्या उलटे आहेत आणि इथे "हेल्दी" खाऊनच शर्यत बिघडते.

नेहमीच्या सरावाच्या दिवसांत कर्बोदकं किलोमागे ५ ते ७ ग्रॅम. ५५ किलोच्या धावणारीला २७५ ते ३८५ ग्रॅम. भात, भाकरी, पोहे, केळी, रताळी यांतून ती येतात. वजन कमी करायच्या मोहात भात सोडून आठवड्याला ५० किलोमीटर धावायला गेलात तर पाय जड पडतात, झोप बिघडते, मुलींची पाळी अनियमित होऊ शकते. चरबी कमी करायचीच असेल तर ते शर्यतीच्या तीन-चार महिने आधी उरका.

लांब धावेच्या आदल्या रात्री चोथा कमी ठेवा. पांढरा भात, मुगाचं पातळ वरण, बटाट्याची कमी तिखट भाजी, दही. उसळ, भाकरी, कच्ची कोशिंबीर त्या रात्री नको. पचन सावकाश होतं, आतड्यात चोथा उरतो आणि पहाटे दहाव्या-बाराव्या किलोमीटरला पोट ढवळतं. शर्यतीआधीच्या दीड-दोन दिवसांत कर्बोदकं किलोमागे ८ ते १० ग्रॅमपर्यंत न्यायची. त्यासाठी ताट वाढवण्यापेक्षा तेल आणि भाज्या कमी करून भाताला जागा करा. या दोन दिवसांत वजन एक-दीड किलो वाढेल, घाबरू नका. स्नायूंत साठणाऱ्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (कर्बोदकांचा शरीरातला साठा) तीनेक ग्रॅम पाणी साठतं, तेच ते.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे संक्रांत त्याच आठवड्यात किंवा जेमतेम आधी येते. गुळाची पोळी जरूर खा, पण शेवटच्या दीड दिवसात नको. तीळ, बेसन, तेल आणि वर तूप, यामुळे ती पोटात फार वेळ राहते.

धावताना पहिल्या तासानंतर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एक मध्यम केळं २५ ग्रॅम, २० ग्रॅम गुळाचा खडा १९ ग्रॅम. शेंगदाण्याची चिक्की यासाठी उपयोगाची नाही, धापा टाकताना चावता येत नाही आणि दाण्यांतला स्निग्धांश पोट रिकामं होऊ देत नाही. सरबत असं करा: एक लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, पाव छोटा चमचा मीठ, एक लिंबू. साखर १०० ग्रॅमपर्यंत नेली तर ते पोटात तसंच डुचमळत राहतं आणि कळ येते. चार-पाच तास धावणाऱ्यांनी वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर नुसतं पाणीही ढोसू नये, रक्तातलं सोडियम पातळ होऊन गंभीर त्रास होतो. तहानेप्रमाणे प्या.

संपल्यावर तासा-दोन तासांत दहीभात किंवा पिठलं-भात, सोबत दूध किंवा अंडी. कुळथाचं पिठलंही उत्तम, ४० ग्रॅम पिठात ८-९ ग्रॅम प्रथिनं.

मुगाचं_धिरडं

कडधान्यं वाढवली की पोट फुगतं. तिघांपैकी कोणालाच जमणार नाही असं वाटतंय.

समईची_वात

एकदम वाढवल्याने होतं ते. दर आठवड्याला १५-२० ग्रॅम कोरडं कडधान्य वाढवा, आतड्यांना सवय व्हायला वेळ लागतो. भिजवलेलं पाणी फेकून द्या, गॅस करणाऱ्या शर्करांपैकी बऱ्याच त्यात उतरतात. मटकी ८-१० तास भिजवायची, नीट निथळून ओल्या फडक्यात बांधायची. उन्हाळ्यात १२ तासांत मोड येतात, थंडीत २४ लागू शकतात. निथळली नाही तर चिकट होते आणि आंबूस वास येतो, ती टाकून द्या. कच्चे मोड पोटाला जड पडतात, वाफवून खा. कुकरला लावली तर एकच शिट्टी, जास्त झाली की पिठूळ होते. फोडणीत हिंग, ओवा.

आणि उसळीवर लिंबू पिळा. कडधान्यातलं लोह सहज शोषलं जात नाही, क जीवनसत्त्वाने मदत होते. जेवणाला लागून चहा घेतला तर उलट होतं, तासाभराचं अंतर ठेवा. धावणाऱ्या मुलींनी हे पाळावंच आणि वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासावं. शुद्ध शाकाहारींनी बी१२ सुद्धा.

ऱ्हाईनकाठ

जर्मनीतल्यांसाठी: चक्का टांगत बसू नका. इथे माग्रक्वार्क नावाने मिळतो तो चक्क्याच्या जवळचा पदार्थ आहे, १०० ग्रॅममध्ये १२ ग्रॅम प्रथिनं आणि स्निग्धांश जवळजवळ शून्य. अडीचशे ग्रॅमच्या डब्यात ३० ग्रॅम प्रथिनं दीडशे-पावणेदोनशे कॅलरीत येतात. चव थोडी खडूची लागते. दोन चमचे दूध घालून फेटा, वेलची नि केशर घाला. कढीसाठी वापरायचा असेल तर बेसन आधी मिसळून मगच गरम करा, नाहीतर फुटतो.

कढीलिंब

भारतात घरी करणाऱ्यांसाठी चक्क्याची कृती: एक लिटर डबल टोन्ड दूध (दीड टक्का स्निग्धांश), मोठा चमचा विरजण, घट्ट लागलं की मलमलीत बांधून फ्रिजमध्येच ६-८ तास टांगायचं. उन्हाळ्यात बाहेर टांगलं तर पाणी गळेपर्यंत आंबट होतं. साडेतीनशे ते चारशे ग्रॅम चक्का मिळतो. खाली जमलेली निवळी फेकू नका, कणीक भिजवायला किंवा आमटीत घाला.

कातळसडा

मासे खाणाऱ्यांसाठी दोन ओळी. अडीचशे ग्रॅमच्या अख्ख्या बांगड्यातून डोकं, काटा, आतडी गेल्यावर निम्म्याच्या आसपास मांस राहतं, त्यात २५ ग्रॅमच्या जवळपास प्रथिनं. रवा लावून तळला की रवा तेल पितो. त्याऐवजी तिरफळ घालून तिखलं करा, एका माशाला एक चमचा तेल पुष्कळ होतं. चिकनचं वजन नेहमी कच्चं धरा. १०० ग्रॅम कच्चं शिजून ७०-७५ होतं, प्रथिनं तीच राहतात.

लोखंडी_तवा

मोजमाप चाललंय की नाही ते कसं कळणार, यावर. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. पापड-लोणचं झालं की दुसऱ्या दिवशी किलोभर पाणी चढतं, एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नका. कमी करणाऱ्याची सरासरी आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरावी, वाढवणाऱ्याची पाव ते अर्धा टक्का चढावी. दोन-तीन आठवडे काटा हलला नाही तर एकच बदल करा. कमी करणाऱ्याने दोन चमचे तेल आणि अर्धी भाकरी काढायची, वाढवणाऱ्याने ५० ग्रॅम तांदळाचा भात आणि कपभर दूध वाढवायचं. प्रथिनांना हात लावू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा साखरेसाठी इन्सुलिन अथवा गोळ्या चालू असतील तर भाताभाकरीचं आणि प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांशी बोलूनच बदला. कर्बोदकं अचानक कमी झाली तर औषधाच्या त्याच मात्रेने साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते.

दगडी_जातं

श्रावणात आणि एकादशीला काय? साबुदाण्याच्या खिचडीने सगळं गणित मोडतं.

कढीलिंब

खिचडीची एक ताटली म्हणजे ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, अर्धा बटाटा, मोठा चमचा तूप: पाचशेच्या आसपास कॅलरी, प्रथिनं ६-७ ग्रॅम आणि तीही कुटातली. चरबी कमी करणाऱ्याने त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी करावी. ५० ग्रॅम पीठ, बांधायला एक लहान फोड उकडलेला बटाटा, गरम पाणी. ओल्या फडक्यावर किंवा केळीच्या पानावर थापा, हातावर चिरते. एक छोटा चमचा तूप, दीडशे ग्रॅम चक्का, काकडीची कोशिंबीर. चारशेच्या आत कॅलरी आणि १८ ग्रॅम प्रथिनं. वाढवणाऱ्याने दोन भाकऱ्या आणि दोन पेले दूध घ्यावं.

धावणारीला मात्र खिचडी सोयीची आहे. साबुदाण्यात चोथा नसल्यासारखाच, म्हणून लांब धावेच्या आदल्या रात्री उपवास आला तर कूट एका चमच्यावर आणून खिचडी आणि ताक चालेल. निर्जळी उपवास असेल तर धाव दुसऱ्या दिवशीही नको, एक पूर्ण दिवस खाऊन-पिऊन मग करा.